परण्यात वाजलेलं 'फायनल काउंटडाउन' (अनुभव धागा, तुम्हीही लिहा)

दुधनाकाठ
परवा सेलूला भाच्याचं लग्न होतं. परण्या मारुतीच्या पाया पडून परत फिरला, नवरदेव घोड्यावर, आणि मांडवाच्या तोंडाशी बँडवाल्यानं काय लावावं? 'द फायनल काउंटडाउन', ते इंग्रजी रॉक गाणं! कीबोर्डवाला गाड्यावर, मागं ताशा. पोरं नाचायलीत अन् मी फेटा धरून मधीच उभा. बायको म्हणाली, "ऊन लागलं का?"

१९८८, औरंगाबाद, इंजिनिअरिंगचं हॉस्टेल. रूममेटनं मुंबईच्या मावसभावाकडून कॅसेट भरून आणलेली. गॅदरिंगला हेच बसवलं. एक गिटार, अर्धा ड्रमसेट आणि माझा छोटा कॅसिओ. सुरुवातीची धून रंगात आली आणि लाइट गेली. अँप बंद, गिटार मुकं. माझ्या कॅसिओत मात्र सेल होते. वाटीएवढ्या स्पीकरमधून त्याचं चिंचिं चालूच. शिट्ट्या मारणारा हॉल ऐकायला म्हणून गप्प झाला. मग मागून कुणीतरी तोंडानं धरलं, "टॅटॅ टँऽ टँऽ", की सगळा हॉल सुरू. पहिल्या रांगेतले सरसुद्धा. लाइट आली तेव्हा कुणालाच नको होती.

तुमच्या आठवणी टाका.

पैठणगेट
दादा, हे गाणं ज्या बँडचं (नाव युरोप, स्वीडनवाले), त्याचा गिटारवाला जॉन नोरम १९८६ मध्ये, गाणं जगभर गाजत असतानाच बँड सोडून गेला. तक्रार काय, तर कीबोर्डखाली गिटार दबतंय. तुमच्या हॉलमध्ये पुरावाच मिळाला की त्याला.

लातूरची_लेक
कणीक भिजवता भिजवता लिहितेय. मी कितीतरी वर्षं "फायनल का टाऊन" ऐकायचे. वाटायचं, फायनल नावाचं गाव असेल परदेशात. भाऊ अजून चिडवतो.

जालना_स्टील
बँडवाल्याचा नंबर द्या. मे महिन्यात पुतणीचं आहे.

मन्याड
आमच्याकडं गल्लीतला एक पोरगा शाळेच्या गॅदरिंगला रेकॉर्ड डान्स करायचा ह्याच्यावर. चंदेरी कागदाचे कपडे, डोक्यावर अँटेना म्हणून सायकलचा स्पोक. आता तहसीलला आहे, दिसला की मी हळूच टॅटॅ टँऽ करतो. उतारा लगेच मिळतो.

पैठणगेट
@मन्याड, पोशाख बरोबर होता त्याचा! पृथ्वी सोडून शुक्राकडं निघालेल्यांचं गाणं आहे ते. बँडचा गायक जोई टेम्पेस्टला शब्द सुचले डेव्हिड बोवीच्या 'स्पेस ऑडिटी' गाण्यावरून. धून तर त्याच्याही आधीची, ८१-८२ च्या सुमाराची, तशीच पडून होती. कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवायला एवढाच विचार. सिंगल निघालं आणि २५ देशांत पहिला नंबर. अमेरिकेत मात्र आठव्यावर अडकलं.

गुरुजी_अंबाजोगाई
शुक्राकडं निघालेत म्हणता? मग परण्यात वाजवलं ते योग्यच. शुक्राचा अस्त असला की आपल्याकडं मुहूर्तच निघत नाही.

लातूरची_लेक
गुरुजी, हसून हसून पोळी करपली.

नांदेड_एमएच२६
स्पष्ट बोलतो, राग नको. भंगार गाणं आहे. ती धून सोडली तर उरतं काय? खऱ्या रॉकवाल्यांनी तेव्हाही नाकं मुरडलीच होती.

मन्याड
@नांदेड_एमएच२६ ती धून सोडायचीच कशाला पण?

उमरगा_तालुका
आमचा टेप ९३ च्या भूकंपात गेला. ३० सप्टेंबरच्या पहाटे घर बसलं, माणसं वाचली. चार दिवसांनी ढिगारा उपसताना ही कॅसेट निघाली, डबी फुटलेली, आत माती. पत्र्याच्या शेडमध्ये मी ती पेन्सिलीत घालून फिरवत बसायचो. लावायला टेप कुठून आणणार? मोठा भाऊ तोंडानं वाजवायचा. त्याला फक्त सुरुवात यायची, ती संपली की परत पहिल्यापासून.

लातूरची_लेक
दादा... आम्ही लातूरला महिनाभर अंगणात झोपलो होतो. तुमच्या गावांकडचं ऐकून आई रडायची. भाऊ बरे आहेत ना?

उमरगा_तालुका
हो ताई, मजेत. पुण्यात आहे, नातवाला कीबोर्डचा क्लास लावलाय.

जालना_स्टील
नंबर?

दुधनाकाठ
@जालना_स्टील भाच्याला विचारून मेसेज करतो, तो देवदर्शनाला गेलाय.

गुरुजी_अंबाजोगाई
एक शंका. हॉस्टेलच्या पोराकडं १९८८ ला कॅसिओत घालायला सेल आले कुठून? आम्ही तर टॉर्चचे सेल उन्हात वाळवून परत वापरायचो.

दुधनाकाठ
गुरुजी, बरोबर पकडलंत. मेसवाल्या काकांच्या ट्रान्झिस्टरमधले काढले होते. काका तीन दिवस तो रेडिओ थापटायलेत, हलवायलेत. शेवटी रिपेअरला टाकून आले.