पी५बी रोव्हर, फक्त २३ हजार मैल

काय गाडी आहे राव ही जुनी ब्रिटिश रोव्हर पी५बी, मालकांनी इथे टाकलेले फोटो बघून जीव हरखला! वरच्या एका प्रतिक्रियेत एकांनी शंका घेतलीय की १९७१ ची रोव्हर आणि मीटरवर २३ हजार मैल, हे शक्य आहे का. मला तरी खरं वाटतंय, कारण ब्रेक पेडलचं रबर बघा, रेघा अजून उठून दिसतायत, आणि ड्रायव्हर सीटच्या लेदरची दाराकडची कड, जी चढता-उतरताना सगळ्यात आधी घासते, ती अगदी धड आहे. मीटर मागे फिरवता येतो हो, पण लेदर नाही फिरवता येत.

मला सगळ्यात आवडला तो डॅशबोर्डखालचा टूल्सचा ट्रे, ड्रॉवरसारखा ओढायचा आणि प्रत्येक पाना आपल्या खाचेत बसलेला, इथे एकही हरवलेला नाही! साडेतीन लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, अल्युमिनियमचं, मूळ डिझाइन अमेरिकन ब्युइकचं, आणि चालतं किती शांत. १९७३ ला ही गाडी बनायची बंद झाली तरी ब्रिटिश सरकार वापरत राहिलं, १९७९ ला थॅचरबाई पंतप्रधान होऊन डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्यासुद्धा पी५बीमधूनच.

मालकांना एकच कळकळीची विनंती, नुसती झाकून ठेवू नका. उभ्या गाडीचे ब्रेकचे रबरी सील, होज (रबरी नळ्या), टायर आतून वाळत जातात, वरून काही कळत नाही. पावसापाण्याचा दिवस सोडून महिन्यातून एकदा तरी इंजिन नीट तापेपर्यंत फिरवून आणा, आणि खालून सिल्स, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, तपासून घ्या, या गाड्यांना गंज तिथेच धरतो. जमलं तर खालच्या बाजूचेही फोटो टाका ना!