ल्योंमधलं रात्रीचं जेवण

फ्रान्समधल्या ल्यों शहरात संध्याकाळी सहाला जेवण मिळेल का? अवघड आहे. बहुतेक ठिकाणी सात-साडेसातच्या आधी चूल पेटत नाही, रविवार-सोमवारी तर बरीच बंदच. बुशाँ, म्हणजे तिथली साधी खाणावळ, गाठा. केनेल मागवा: पाइक माशाचा मऊसूत गोळा, गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या दाट सॉसमध्ये. ‘आंदुयेत’ म्हणजे मात्र आतड्यांचं सॉसेज. वजडी आवडत असेल तरच त्या वाटेला जा! मासे-मटण नको असेल तर ‘सेर्वेल द कान्यू’. नावाचा अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’, पण निघतं चक्क्यासारखं ताजं चीज, लसूण नि कांद्याची पात घातलेलं. आणि हो, पाणी ‘काराफ दो’ म्हणून मागा. नळाचं फुकट येतं, बाटलीचे पैसे पडतात.