सेकंडहँड लॅपटॉप घेतलात? आधी विंडोज पुसा, मग पासवर्ड टाका

बूटमेनू (धागाकर्ता)

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की ओळखीपाळखीतून दरवर्षी तोच प्रश्न येतो: नवा परवडत नाही, जुना घेतोय, काय बघू? बॅटरी बघा, बिजागरी बघा, स्क्रीनवरचे डाग बघा, हे सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालतो आणि त्यावरून हमखास वाद होतो, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की विकणाऱ्याने टाकून दिलेल्या विंडोजवर आपला एकही पासवर्ड टाकू नये. जीमेलचा नाही, बँकेचा तर नाहीच. लॅपटॉप घरी आणला की पहिलं काम म्हणजे डिस्कवरची सगळी पार्टिशनं (डिस्कचे पाडलेले भाग) उडवून कोरं विंडोज टाकणं.

बाजारात येणारे डेलचे लॅटिट्यूड, लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक बहुतेक कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून लॉटने काढलेले असतात. अशा लॉटवर अनेकदा एकच तयार डिस्क इमेज (विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट अख्ख्या डिस्कची नक्कल) सरसकट ओतली जाते. तिच्यात काय आहे हे शेवटच्या दुकानदारालाही ठाऊक नसतं, कारण त्याच्याकडे मशीन तसंच आलेलं असतं. मागच्या मोसमात एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप बघायला आला. विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्स्क्लूजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची, यादी उघडली तर अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत. म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर चालू, हिरवी खूण दिसतेय, आणि प्रत्यक्षात तपासणी शून्य. फुकट अ‍ॅक्टिव्हेशन करणारी केएमएस टूल्स (लायसन्सविना विंडोज चालवणारी) डिफेंडर पकडतो, म्हणून ती टाकणारे आधी त्याचेच डोळे बांधतात. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर तर स्पष्टच दिसत होतं की विंडोज 'संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस'वर चालू आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीची कुठली आली संस्था?

वाईट याचं वाटतं की त्या चोरीची गरजच नव्हती. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसह विकला गेला असेल तर त्याची की (लायसन्सचा क्रमांक) कारखान्यातच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, लिहिलेली असते. तीच एडिशन, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, नव्याने टाका. ती की विंडोज १० ची किंवा पुढची असेल तर इंटरनेट जोडताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. हक्काचं लायसन्स मशीनच्या पोटात असताना मुलं चोरीच्या मालावर अभ्यास करतात.

लागतं काय, तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि विश्वासातला दुसरा कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, पेनड्राइव्ह बूटेबल (त्यावरूनच लॅपटॉप सुरू होईल असा) करायचा, बस. सेटिंग्जमधल्या 'रिसेट'वर भागवू नका. त्यातला 'लोकल रीइन्स्टॉल' पर्याय त्याच मशीनवरच्या फायली घेऊन विंडोज उभं करतो, आणि शंका तर त्या फायलींवरच आहे.

सातारी दुकानदार

मुद्दा पटला नाही. माझं रिफर्बिश्ड लॅपटॉपचंच दुकान आहे. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी नाही. मी प्रत्येक मशीनवर बायोसमधल्या कीचंच विंडोज टाकतो, ड्रायव्हर (वायफाय, टचपॅडसारखे भाग चालवणारी सॉफ्टवेअरं) टाकतो, अपडेट पूर्ण करतो, मगच ते काउंटरवर येतं. त्यात माझे दोन-अडीच तास जातात. घरी गेल्याबरोबर गिऱ्हाईक कुठला तरी व्हिडिओ बघून फॉरमॅट मारतं आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं: वायफाय दिसत नाही, टचपॅडवर दोन बोटं चालत नाहीत, ब्राइटनेसची बटणं मेली. "माल खराब दिला" हे ऐकायचं मी.

अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढे तर आणखी एक भानगड असते. बऱ्याच मशीनांत व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची एक सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. पार्टिशनची यादी कोरी. माणूस घाबरतो, एसएसडी गेली म्हणतो. एक काका तर नवी एसएसडी विकत घेऊन आले होते. जुनी ठणठणीत होती, फक्त इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर' दाबायचं होतं.

आणि मदरबोर्ड बदललेला असेल तर बायोसमध्ये की असेलच याची खात्री नाही. तेव्हा फॉरमॅट मारल्यावर चालू लायसन्सही गेलं तर भरपाई कोण देणार? ज्याला यातलं कळतं त्याने खुशाल करावं. सरसकट सगळ्यांना हा सल्ला देऊ नका.

बूटमेनू

तुमच्यासारखे दुकानदार आहेत हे मान्यच. पण गिऱ्हाइकाला बाहेरून तुमचं मशीन आणि लॉटवाल्याचं मशीन सारखंच दिसतं. तुम्ही सांगितलेल्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या तयारीच्या आहेत. आधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान बघायचं. तिथे 'डिजिटल लायसन्स' असेल तर त्या हार्डवेअरची नोंद मायक्रोसॉफ्टकडे असते, तीच एडिशन टाकली की ते परत येतं. मग मशीनच्या मागचा सर्व्हिस टॅग किंवा मॉडेल नंबर घालून बनवणाऱ्याच्या साइटवरून वायफायचा आणि स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा. बाकीचे बहुतेक ड्रायव्हर विंडोज अपडेट आणतं.

आणि तुम्ही न काढलेला मुद्दा मीच काढतो: कंपनी-लॉक. पूर्वीच्या कंपनीने ऑटोपायलटमधून (कंपन्यांच्या मशीनांची नोंद ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) मशीनची नोंद काढलेली नसेल तर फॉरमॅटनंतर नेट जोडताच त्या कंपनीचं लॉगिन पान समोर येतं. डिस्क बदलूनही ते जात नाही, कारण ओळख हार्डवेअरची धरलेली असते. लोक म्हणतात, फॉरमॅट मारल्यामुळे लॉक लागला. लॉक आधीपासूनच होता, तयार इमेजखाली झाकलेला. परत करायची मुदत आहे तोवर तो उघडा पडलेलाच बरा.

अक्षरजुळणी

असहमत, आणि माझं कारण वेगळं आहे. मी कोल्हापुरात डीटीपीचं काम करते. एक छापखाना बंद झाला, त्यांच्याकडून मी लॅपटॉप, श्रीलिपी हे मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आणि ते चालवायला जोडावं लागणारं डोंगल असं एकत्र विकत घेतलं. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर, जुने फॉन्ट, कीबोर्डची मांडणी सगळं बसलेलं आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या दिवाळी अंकांच्या फायली ते फॉन्ट नसतील तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. मूळ सीडी कधीच हरवल्या. तिथे 'सगळी पार्टिशनं उडवा' म्हणजे मी ज्यासाठी पैसे मोजले तेच उडवा.

जुन्या मशीनवरचं विंडोज दर वेळी कचरा नसतं. मराठी छपाईचं कितीतरी काम आजही अशाच मशीनांत अडकलेलं आहे, आणि ते पुसलं की कुठल्या साइटवर परत मिळत नाही. फॉरमॅटचा सल्ला देताना पहिली ओळ 'आधी पूर्ण डिस्कची इमेज काढा' अशी हवी. क्लोनझिला फुकट आहे, बाहेरची हार्ड डिस्क जोडून हे होतं.

बूटमेनू

ताई, इमेज काढण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तुमच्या मशीनसाठी मीही 'हात लावू नका' असंच म्हणेन. फक्त ते मशीन नेटला जोडू नका. मेल, बँक, जीएसटी दुसऱ्यावर करा. छापखान्याचं विंडोज किती वर्षांपासून अपडेट नाही ते बघितलंत तर तुम्हालाही पटेल.

मुक्तस्रोत

तुम्ही सगळे विंडोजभोवतीच फिरताय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मुदतवाढीची अपडेट्स घेतली तरी ती कायमची नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीनं, थिंकपॅड टी४७० सारखी, कागदोपत्री बाद. ती स्वस्तात मिळतात ती त्यामुळेच. काही विक्रेते तपासणी चुकवून त्यांवर विंडोज ११ बसवतात आणि गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. अशा मशीनवर दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, आणि होम-प्रोच्या प्रत्येक आवृत्तीचा आधार २४ महिन्यांत संपतो.

तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, ४ जीबी रॅमवरही बरं चालतं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे, लायसन्सचा प्रश्नच मिटतो. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकताहेत. आपल्या मुलांना ते जमणार नाही असं कुणी ठरवलं?

सातारी दुकानदार

जमेल, पण मेकॅनिकलच्या मुलाला सॉलिडवर्क्स लागतं आणि सिव्हिलच्याला ऑटोकॅड. दोन्ही लिनक्सवर येत नाहीत. सेतूवाल्याला बोटांच्या ठशांचं यंत्र, सीएच्या ऑफिसला डिजिटल सहीचं टोकन. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर असतात म्हणे, पण पोर्टलवर सही होत नाही म्हणून मशीन माझ्याकडेच येतं. मिंट टाकून दिलेल्या मशीनवर महिन्याभरात पुन्हा विंडोज टाकून मागणारी बरीच आहेत.

मुक्तस्रोत

सगळी मुलं मेकॅनिकलला जात नाहीत. कॉम्प्युटरच्या मुलाला पायथन, सी, जावा, गिट एवढंच लागतं, आणि ते लिनक्सवर जास्त सुटसुटीत चालतं. मॅटलॅबसुद्धा चालतं. ज्याला विंडोज हवंच त्याने आठव्या पिढीच्या खालचं मशीन घेऊच नये, हे तरी काउंटरवर सांगाल का?

निपाणीची आई

मी शिवणकाम करते. मुलासाठी एक बघून ठेवलाय. ड्रायव्हर, व्हीएमडी, काही कळलं नाही. बूटमेनू यांचं वाचून भीती वाटते आणि दुकानदार दादांचं वाचून फॉरमॅटची भीती वाटते. घेताना दुकानात नेमकं काय बघू, एवढं सांगा.

बूटमेनू

ताई, तीन गोष्टी. सेटिंग्ज उघडायला लावून अ‍ॅक्टिव्हेशनचं पान बघा. 'डिजिटल लायसन्स' असेल तर चांगलं, 'संस्था' असेल तर उठून या. प्रोसेसरच्या नावात आय५-८ किंवा पुढचा आकडा आहे का बघा. आय५-७ म्हणजे सातवी पिढी. आणि तुमच्यासमोर पेनड्राइव्ह लावून कोरं विंडोज टाकायला सांगा, नेट जोडून, पहिला डेस्कटॉप दिसेपर्यंत. कंपनीचं लॉगिन यायचं असेल तर तिथेच येईल. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. फॉरमॅट घरी करणं जमत नसेल तर दुकानात करून घ्या, पण डोळ्यांसमोर.

सातारी दुकानदार

समोर बसून टाकून द्यायला माझी हरकत नाही, ताईंनी आधी फोन करून यावं, गर्दी नसताना. प्रोसेसरची पिढी आणि कंपनी-लॉक नसल्याची हमी मी आजपासून बिलावर लिहून देईन. सातवी पिढी मात्र मी विकणारच, विंडोज ११ चालत नाही असं सांगून विकणार, कारण आठ हजारांपुढे ज्याची उडी नाही त्याला कुणी नवव्या पिढीचं मशीन देत नाही. आणि माझ्याकडून नेलेलं मशीन घरी फॉरमॅट करून ड्रायव्हरसाठी परत आणलं तर त्याचे तीनशे रुपये लागतील. तो माझा वेळ आहे.