घरगुती सीओटू रात्री कसा थांबवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण ६० लिटर पाणी. रोटाला, क्रिप्ट आणि थोडं मॉस अशी पाण्यातली झाडं लावलीत. झाडांना लागणाऱ्या सीओटूसाठी (कार्बन डायऑक्साइड वायू) नेहमीची साखर-यीस्टची बाटली: २ लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत दोन कप साखर, पाव चमचा बेकरीचं यीस्ट, कोमट पाणी. मध्ये पाण्याची दुसरी छोटी बाटली आहे, म्हणजे फेस टाकीत जात नाही. नळीला चेक व्हॉल्व्हही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आहे.

झाडं मस्त चाललीत, दुपारी पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे दिसतात. पण उन्हाळ्यात यीस्ट सुसाट सुटतं. संध्याकाळी ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी कुपी) छान हिरवा असतो (म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास) आणि सकाळी पार पिवळा, म्हणजे सीओटू जास्त झालेला! दिवे बंद असताना झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात. पहाटे टेट्रा मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना बघून जीव कासावीस होतो. नळीचा कॉक बंद करावा तर बाटलीत दाब वाढून ती फुटायची भीती.

सध्या रात्री एअर पंप लावतोय. तेवढ्यावर भागेल का? की लिंबूसत्व आणि खायच्या सोड्याचा दोन बाटल्यांचा सेट घ्यावा? तो नीडल व्हॉल्व्हने (वायू बारीक कमी-जास्त करणारी झडप) बंद करता येतो म्हणतात, पण रात्रभर दाबाखाली साध्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवणं सुरक्षित आहे का? आणि २०० ग्रॅम लिंबूसत्व एवढ्या टाकीला किती दिवस पुरतं?

घरी वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा, जमल्यास जोडणीचा फोटोही टाका. मासे गमवायचे नाहीत.