पिगफेसच्या 'फूक'मध्ये कुठल्या गाण्यावर कोण आहे? मदत हवी आहे

मंडळी, पिगफेस या इंडस्ट्रियल रॉक बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम 'फूक' (१९९२) कोणाकडे ओरिजिनल सीडीवर आहे का? मार्टिन अ‍ॅटकिन्स आणि बिल रीफलिन, मिनिस्ट्री या बँडच्या टूरवरचे दोन ड्रमर, यांनी हा बँड काढला आणि मग येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यात घुसला, त्यामुळे टॅगिंग करताना (म्हणजे गाण्यांच्या फाइल्सना कलाकारांची नावं लावताना) माझं डोकं आउट झालंय. पहिल्या अल्बमचं, 'गब'चं, सोपं होतं, रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनीचं आणि 'सक' या गाण्यावर नाइन इंच नेल्स बँडवाला ट्रेंट रेझनर, आवाज लगेच कळतो. 'फूक'मध्ये मात्र आवाज इतके कुस्करलेत की काही म्हणजे काही पत्ता लागत नाही!! माझ्याकडच्या सेकंडहँड कॉपीत नुसती डिस्क, आतलं कव्हर गायब. प्लीज कोणीतरी क्रेडिट्सच्या पानाचा फोटो टाका ना, गाण्यागणिक नावं असतील तर फारच भारी.