ओढ्यातलं मॉस फिशटँकमध्ये चालेल का?

प्रश्न: ओढ्यातल्या दगडांवर छान हिरवंगार मॉस आलंय, काही पाण्याखाली आणि काही वर कडेला. माझ्या टँकमध्ये गप्पी आणि चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) आहेत, पिल्लांना लपायला जागा हवी म्हणून थोडं आणून लाकडाला बांधायचं म्हणतोय. जगेल का? नुसतं नळाखाली धुऊन टाकलं तर चालेल?

उत्तर १: पाण्याखाली वाढलेलंच घ्या. कडेचं, भिंतीवरचं, झाडावरचं मॉस पाण्यात बुडवलं की काही दिवस हिरवं दिसतं, आपल्याला वाटतं लागलं, आणि मग तपकिरी होऊन सडायला लागतं. सडलं की अमोनिया वाढतो आणि पहिला फटका श्रिंपलाच. आणि ओढ्यातल्या मॉसला गार वाहत्या पाण्याची सवय असते, टँक २८ डिग्रीच्या आसपास असेल तर पाण्याखालचंसुद्धा टिकेलच असं नाही. टँकमध्ये नेहमी लावतात ते जावा मॉस मात्र तेवढं सहन करतं.

उत्तर २: नळाखाली धुऊन अजिबात भागणार नाही!! माती निघेल फक्त. चतुराच्या पिल्लांची भीती जास्त, ती पाण्यातच वाढतात आणि श्रिंप, गप्पीची पिल्लं पकडून खातात, शिवाय टाचणीसारख्या बारीक चतुरांच्या माद्या अंडी वनस्पतीच्या आतच घालतात त्यामुळे वरून कितीही धुवा, ती तशीच राहतात. जळवा, प्लॅनेरिया (चपटे किडे), हायड्रा (दंश करणारे बारीक जीव) हे वेगळंच. मी तरी आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहाएक मिनिटं बुडवीन, नीट खळबळून घेईन आणि मग वेगळ्या बरणीत उजेडात तीन-चार आठवडे ठेवीन, मासे-श्रिंप काही न घालता. अंडी असतील तर बहुतेक तिथेच फुटतात आणि पिल्लं दिसतात. मॉस जगतंय की सडतंय तेही तिथेच कळतं, टँकला धोका नाही. मीठ वापरू नका, त्याने मॉसच करपतं.

प्रश्नकर्ता: बरणीचं पटलं. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला शेती आहे, त्याने काही होईल का?

उत्तर ३: मग तिथलं नकोच, माझं स्पष्ट मत. मॉसला खरी मुळं नसतात, पाण्यात जे असेल ते अंगानेच शोषतं, म्हणून तर नदीतलं जड धातूंचं प्रदूषण मोजायला मॉस वापरतात. कीटकनाशकं कीटकांसाठी बनवलेली आणि श्रिंप त्यांचे जवळचे नातेवाईक, गप्पीला काही होणार नाही अशा मात्रेतही श्रिंप मरू शकतात. तांब्याची बुरशीनाशकंसुद्धा तशीच घातक. परमँगनेटने किडे मरतील, तांबं निघणार नाही. ज्या झऱ्याच्या वर शेत, वस्ती, कारखाना काही नाही आणि जिथून काही उचलायला बंदी नाही तिथलं मूठभर घ्या, दगड खरवडून सगळं काढू नका, त्यात कितीतरी जीव राहतात. नाहीतर सरळ कुणाच्या तरी टँकमधलं जावा मॉस मागून घ्या, चिमूटभर पुरतं, हळूहळू पसरतं.

उत्तर २: +१. आणि बरणीतलं पाणी किंवा उरलेलं मॉस परत ओढ्यात टाकू नका प्लीज, सुकवून कचऱ्यात टाका.