जुन्या प्रियसचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कॅलिफोर्नियात कमी खर्चात कसा बदलावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे टोयोटा प्रियसचे २००८ सालचे, म्हणजे दुसऱ्या पिढीतील मॉडेल आहे. गाडी सॅन होजे येथे असून १,८०,००० मैलांच्या पुढे धावली आहे. हायब्रिडची मोठी बॅटरी अजून कुरकुर करीत नाही आणि मुलगी रोज याच गाडीने कॉलेजला जाते. मध्यंतरी 'चेक इंजिन'चा दिवा लागला, पी०४२० हा कोड आला (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणारा भाग, कमी काम करतो आहे असा गाडीच्या संगणकाचा इशारा), आणि दर दोन वर्षांनी करावी लागणाऱ्या स्मॉग (धूर-प्रदूषण) चाचणीत गाडी नापास झाली. ते प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, त्यामुळे हा विषय पुढे ढकलण्याची सोय उरलेली नाही.

या गाडीच्या उत्सर्जन नियंत्रणाच्या भागांवर कॅलिफोर्नियात १५ वर्षे किंवा १,५०,००० मैल अशी हमी होती, परंतु आम्ही दोन्ही मर्यादा केव्हाच ओलांडल्या आहेत. कन्व्हर्टर चोरीला गेला असता तर सर्वसमावेशक विम्यातून काही रक्कम तरी मिळाली असती, पण झिजून निकामी झालेल्या भागाला विमा लागू होत नाही. (या गाड्यांखालचे कन्व्हर्टर चोर सर्रास कापून नेतात, आणि आमचा नेमका शाबूत राहून बिघडला, हा योगच म्हणायचा.)

कंपनीच्या मूळ भागासाठी मजुरीसह सुमारे ३,००० डॉलर सांगितले आहेत, आणि गाडी विकायला काढली तर चार हजार तरी येतील की नाही, अशी शंका आहे. त्याच आकाराचा भाग इंटरनेटवर ३०० डॉलरच्या आसपास दिसतो. डॅलसला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी तिकडच्या भंगारातल्या गाडीचा कन्व्हर्टर काढून पाठवण्याची तयारी दाखवली आहे. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेथे कोड वाचला आणि लगेच अंदाजपत्रक हातात ठेवले. दुसरी कोणतीही तपासणी झाली नाही.

कन्व्हर्टरच गेला आहे हे पैसे ओतण्यापूर्वी कसे पक्के करावे, स्वस्त भागांपैकी कोणता येथे कायद्याने चालतो, आणि एवढ्या जुन्या गाडीवर हा खर्च करावा की तिला निरोप द्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नमस्कार. मेहुण्यांना तसदी देऊ नका. वापरलेला कन्व्हर्टर बसवणे कॅलिफोर्नियात बेकायदेशीर आहे, मग तो कितीही चांगल्या स्थितीत असो. तो ३०० डॉलरचा भागही बहुधा फक्त संघराज्याच्या निकषांत बसणारा असेल. येथे राज्याच्या हवा संसाधन मंडळाची मान्यता लागते, आणि त्या मान्यतेचा 'डी' अक्षराने सुरू होणारा क्रमांक कन्व्हर्टरच्या पत्र्यावर कोरलेला असतो. स्मॉग चाचणी करणारा माणूस गाडीखाली वाकून तो क्रमांक पाहतो, त्यामुळे दिवा विझला तरी चुकीच्या भागामुळे गाडी पुन्हा नापास होते.

मान्यताप्राप्त पर्यायी भाग मात्र मूळ भागापेक्षा बराच स्वस्त पडू शकतो आणि त्यावर ५ वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी असते. बॉनेटखाली उत्सर्जनाविषयीचे लेबल आहे. त्यावरचा टेस्ट ग्रुप (इंजिन व उत्सर्जन-यंत्रणेचा संकेतांक) उतरवून घ्या आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावरील यादीत त्या भागासमोर दिलेला आहे का ते स्वतः ताडून पाहा. केवळ 'प्रियस २००८ साठी' या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका.

पण त्याआधी निदान हवे. पी०४२०चा अर्थ एवढाच की मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कन्व्हर्टरचे काम कमी पडताना दिसते आहे. धूर वाहून नेणाऱ्या पुढच्या पाइपच्या जोडात गळती असेल किंवा सेन्सर मंदावला असेल तरी हाच कोड येऊ शकतो. हायब्रिडमध्ये इंजिन मध्येच बंद पडत असल्याने सेन्सरचे आकडे नीट पाहता येत नाहीत, म्हणून गाडी देखभाल स्थितीत न्यावी लागते. पार्किंग ब्रेक लावा, ब्रेकच्या पेडलला पाय न लावता पॉवरचे बटण दोनदा दाबा, आणि मग एका मिनिटाच्या आत 'पी'मध्ये (पार्क) ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबा, ब्रेक दाबून 'एन'मध्ये (न्यूट्रल) घेऊन दोनदा, पुन्हा 'पी'मध्ये दोनदा. त्यानंतर ब्रेक दाबून गाडी सुरू केली की इंजिन सलग चालू राहते. इंजिन तापल्यावर मागच्या सेन्सरचे व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहिले तर कन्व्हर्टरमध्ये अजून जीव आहे; ते सतत झपाट्याने वरखाली होऊ लागले आणि गळतीही नसली, तर तो गेला असे समजायला हरकत नाही.

ऑइलची पातळीही पाहा. इंजिन ऑइल जाळत असेल तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल, आणि तसे असल्यास मी या गाडीवर मोठा खर्च करणार नाही. ऑइल टिकत असेल आणि मोठी बॅटरी खरोखर ठणठणीत असेल, तर पर्यायी भागापुरता खर्च मला वाजवी वाटतो. ३,००० डॉलर मात्र नाही.

उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांच्या आत असेल तर राज्याच्या ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे अर्ज करा. १९९६ आणि त्यानंतरच्या गाड्यांना दुरुस्तीसाठी १,४५० डॉलरपर्यंत मदत मिळते, परंतु ती मंजुरीनंतर आणि त्यांनी नेमलेल्या केंद्रातच. आधी करून घेतलेल्या कामाचे पैसे परत मिळत नाहीत. गाडी मोडीत काढायची ठरवलीत तर त्यासाठीही त्यांचीच योजना आहे. नोंदणीची तारीख उलटत असेल तर नोंदणीचे शुल्क आधी भरून डीएमव्हीकडून (राज्याचे वाहन नोंदणी खाते) ५० डॉलरला ६० दिवसांचा तात्पुरता परवाना घेता येतो.

आणि काम झाल्यावर लगेच चाचणीला धावू नका. कोड पुसला की गाडीचा संगणक स्वतः करतो त्या अंतर्गत तपासण्याही शून्यावर येतात. २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत फक्त इंधनबाष्पाची तपासणी अपूर्ण चालते, बाकी सर्व पूर्ण व्हाव्या लागतात. काही दिवस शहरात आणि हायवेवर नेहमीसारखी चालवा, स्कॅनरवर पाहा, आणि मगच वेळ ठरवा.